आधी माझा दिवस, मग यांचा टी टाइम

गेले आठ दिवस आमच्या हॉलमध्ये सतरंजीच्या टोकाशी स्टीलचा एक पेला आडवा पडलेला असतो. तो कुणी उचलायचा नाही. बाहेर फोंड्याचा पाऊस कौलांवर कोसळतोय, अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ चढलंय, आणि आमचे हे सकाळचा चहा झाला की पटर, म्हणजे गोल्फचा चेंडू हळूच ढकलायची दांडी, घेऊन सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहतात. चेंडू पेल्यात गेला की टण्ण वाजतं. मी स्वयंपाकघरातून मोजते. काल तीसातले एकोणीस गेले.

ऑक्टोबरमध्ये आम्ही मॉरिशसला चाललोय. आठ रात्री. गोल्फ यांचा आणि समुद्र माझा.

ही बातमी सांगितल्यावर जाऊबाईंनी विचारलं तेच सगळे विचारतात. "गोव्यात राहून समुद्र बघायला परदेशात कशाला?" प्रश्न रास्तच आहे. पण फोंडा तालुक्याला समुद्रकिनारा नाही, आमच्या वाट्याला जुवारी नदी आणि कुळागरं, म्हणजे माड-पोफळीच्या बागा. पाहुणे आले की मिरामार नाहीतर कोलव्याला जायचं, गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, भेळ खाऊन परत यायचं. जून लागला की तेही बंद. लाल बावटे लागतात, शॅक मोडून ठेवतात, १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरसुद्धा बंदीमुळे धक्क्याला बांधलेले. मी माहेरच्या विहिरीत पोहायला शिकले, सुकवलेला भोपळा पाठीला बांधून. आजही मला पोहता येतं, पण आमच्या समुद्रात लाट अंगावर येते आणि पायाखालची वाळू ओढून नेते, तिथे विहिरीतल्या पोहण्याचा उपयोग नाही. साठीच्या आत एकदा तरी खाऱ्या पाण्यात, लाटेची भीती न बाळगता, आकाशाकडे तोंड करून पडून राहायचं आहे. मॉरिशसच्या बहुतेक किनाऱ्याला बाहेरून प्रवाळाची भिंत आहे. मोठी लाट त्या भिंतीवरच फुटते आणि आतलं पाणी तळ्यासारखं राहतं. मला जायचंय ते त्या तळ्यात.

यांचं गोल्फ लष्करातलं. निलगिरीत वेलिंग्टनला पोस्टिंग असताना एका वरिष्ठांनी हातात सात नंबरचं आयर्न, गोल्फची एक दांडी, दिलं, ते आजतागायत सुटलेलं नाही. निवृत्तीनंतर फोंड्यात आलो तेव्हा किटबॅग माळ्यावर जाईल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. हे रोज संध्याकाळी मागच्या कुळागरात माडांच्या मधल्या मोकळ्या जागेत फणसाखाली पाटी ठेवून चेंडू उडवतात. कामाला येणाऱ्या बाईंनाही आता सवय झाली आहे, त्या दांडीचा आवाज आला की पाटीच्या बाजूने जात नाहीत. पण अठरा होलांचा पुरा खेळ वर्षात दोनदा-तीनदा, तोही पुण्याला मुलीकडे गेलो की. माणसाच्या हातात एवढी कला आहे आणि ती फणसाखाली जिरते, हे मलाच बघवत नाही.

तरीही मॉरिशसचं नाव निघालं तेव्हा मी लगेच हो म्हटलं नाही, कारण चार वर्षांपूर्वी अशीच एक सहल आम्ही दुसऱ्या एका बेटावर केली होती. एका पर्यटन कंपनीने सगळं ठरवून दिलं होतं. कागदावर लिहिलं होतं, 'गोल्फ कोर्स हॉटेलजवळ'. तिथे पोचल्यावर कळलं की जवळ म्हणजे गाडीने सव्वा तास. हे सकाळी सहाला निघायचे आणि दुपारी साडेतीनला परत यायचे. चार दिवस. हॉटेलच्या पुढ्यातला किनारा ओहोटीला नुसता चिखल आणि दगड. मी लॉबीत बसून स्वेटर विणला, विषुववृत्ताजवळ. तिसऱ्या दिवशी हे परत आले ते तोंड उतरवून. खेळ चांगला झाला होता, पण मी तिथे बसलेली बघून त्यांना तो सांगवेना. आणि मलाही विचारवेना. एवढे पैसे खर्चून आम्ही दोघं एकमेकांसमोर गप्प बसलो होतो. ती संध्याकाळ मला अजून टोचते.

म्हणून या वेळी आखणी मी हातात घेतली, आणि पहिलाच नियम केला: जो खेळत नाही त्याचा दिवस आधी आखायचा. खेळणाऱ्याचा दिवस कोर्सने आखलेलाच असतो. त्याला वेळ दिलेली असते, वाट आखलेली असते, सोबत असते. रिकामा राहतो तो दुसरा.

मेमध्ये आम्ही याची रंगीत तालीम केली. काणकोणला राजबागला समुद्राकाठी नऊ होलांचा कोर्स आहे, तळपण नदी समुद्राला मिळते त्याच्या अलीकडे. फोन करून वेळ ठरवली आणि मी घड्याळ घेऊन यांच्याबरोबर सगळे नऊ होल चालले. आयुष्यात पहिल्यांदा. मला वाटायचं गोल्फ म्हणजे मारणं. प्रत्यक्षात मारणं क्षणाचं, बाकी सगळं चालणं आणि बघणं. हे टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभे राहायचे, चिमूटभर गवत उपटून वर सोडायचे, ते कुठे पडतं बघायचे, मग दांडी बदलायचे. पाचव्या-सहाव्या होलाशी समुद्राकडून वारा सुटला आणि यांचा चेंडू सरळ निघून हवेतच उजवीकडे वळला, जणू कुणी दोरीने ओढला. हे काही बोलले नाहीत, फक्त पुढच्या वेळी डावीकडे तोंड करून उभे राहिले. तेव्हा मला कळलं की या खेळात वाऱ्याला केवढा मान आहे.

नऊ होलांना दोन तास वीस मिनिटं लागली. म्हणजे अठराला पावणेपाच तास धरा. त्याआधी अर्धा तास हात मोकळे करायला, नंतर आंघोळ आणि पोटात चार घास. सकाळी सातचा टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची ठरवून दिलेली वेळ, असेल तर माणूस एक वाजेपर्यंत तुमचा नाही. ज्यांच्या घरी गोल्फ आहे त्यांनी हा हिशेब आधी कागदावर मांडावा. 'सकाळी जरा खेळून येतो' यातल्या 'जरा'वर विसंबू नये.

मग महिना. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली, त्यामुळे ऋतू उलटे. आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा तिथे हिवाळा, कोरडा आणि गार. नोव्हेंबर ते एप्रिल हा उन्हाळ्याचा आणि वादळांचा काळ, त्यातही जानेवारी ते मार्च जपून. आपली माणसं नाताळच्या सुट्टीत तिथे जातात ती नेमकी दमट उकाड्यात. हिवाळ्यात आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात आणि जुलै-ऑगस्टला जोरात असतात. यांचा कल सप्टेंबरकडे होता. मी म्हटलं, "अहो, चवथ?" तेवढ्याने सप्टेंबर बाद झाला. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मूळ घरी माटोळी, गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधायला हे नसतील तर दीर एकटे काय करणार? गोव्याचा माणूस जगात कुठेही असो, चवथीला घरी येतो. गणपती घरात असताना बाहेर जायचं हे होणे नाही. उरला ऑक्टोबर. तो तिथला सर्वांत कोरडा महिना, वारा उतरलेला, पाणी ऊबेला लागलेलं. आपल्याकडे तेव्हा ऑक्टोबरचा उकाडा, म्हणजे इथूनही सुटका. चवथीने आम्हांला चुकीच्या महिन्यापासून वाचवलं असंच मी मानते.

यानंतर किनारा कुठला, यावर आमचे पंधरा दिवस गेले. बेट लांबीला साधारण ६५ किलोमीटर, रुंदीला ४५. आपल्या गोव्याहून लहान. पण मधोमध डोंगर, त्यामुळे या टोकाकडून त्या टोकाला जायला नकाशावर दिसतो त्याहून वेळ जास्त. चांगले कोर्स पूर्वेला आणि दक्षिणेला पुष्कळ, आणि वाराही तिकडेच. पश्चिम आणि वायव्य किनारा डोंगरांच्या आडोशाला, पाणी शांत. म्हणजे यांचं सुख वाऱ्याच्या बाजूला आणि माझं आडोशाला. नकाशा डायनिंग टेबलावर पसरून आम्ही दोन रंगांच्या पेन्सिली घेतल्या. यांनी कोर्सना हिरव्या खुणा केल्या, मी पोहण्याजोग्या किनाऱ्यांना निळ्या. हिरवं आणि निळं सर्वांत जवळ आलं ते नैर्ऋत्येला, ल मॉर्न आणि बेल ओंब्रच्या पट्ट्यात. तिथेच उतरायचं ठरलं.

बेल ओंब्र हा जुना उसाचा मळा. एकोणिसाव्या शतकातल्या वाड्याच्या भोवती पीटर मॅटकोविच यांनी अठरा होलांचा कोर्स आखला आहे, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला प्रवाळाचं पाणी. २०२३ मध्ये शेजारीच आणखी एक अठरा होलांचा उघडला, तो त्यांनी आणि लुई ऊस्टहाइझन या खेळाडूने मिळून केला. हे दोन्ही खेळणार, दोन वेगळ्या सकाळी. तिसरी सकाळ इल ओ सेर्फची. पूर्व किनाऱ्यापासून होडीने जायचं छोटं बेट, त्यावर जर्मनीच्या बर्नहार्ड लांगर यांनी आखलेला कोर्स. चेंडू पाण्यावरून खाडीपलीकडे मारावा लागतो, म्हणून हे एक डझन जास्तीचे चेंडू घेऊन चाललेत. आणि मला हे बेट का आवडलं सांगते: त्याच बेटावर पांढऱ्या वाळूचा किनारा आहे. दोघं एकाच होडीच्या प्रवासाला निघणार, यांनी टीवर जायचं, मी पाण्यात. दुपारी सहलीच्या बोटी येऊन गर्दी होते म्हणून सकाळी लवकर पोचायचं. नैर्ऋत्येहून पूर्वेला गाडीने लांब पडतं, पण ते दोघांचं लांब आहे, एकट्याचं नाही.

तीन सकाळी. बस. चौथी यांनी मागितली नाही आणि मीही पुढे केली नाही.

टी टाइम आधी ठरवावे लागतात, आणि खोलीच्या पैशांत ग्रीन फी, म्हणजे कोर्सवर खेळायचे पैसे, धरली आहे की नाही हे लेखी विचारावं. काही हॉटेलांत ती फुकट असते पण बग्गीचे, कोर्सवर फिरायच्या छोट्या गाडीचे, वेगळे, आणि बग्गी घ्यावीच लागते. काही कोर्स हँडिकॅपचा, म्हणजे खेळाडू किती तयारीचा आहे ते सांगणाऱ्या आकड्याचा, दाखला मागतात. कॉलरवाला शर्ट हवा, जीन्स चालत नाही. आधीच्या अनुभवानंतर मी प्रत्येक गोष्टीचं ई-मेलवर उत्तर मागवलं, आणि 'जवळ' हा शब्द आला की किलोमीटर विचारले. माझ्यासाठी एकच खरेदी झाली, जाड तळाचे पाण्यातले बूट. तिथल्या उथळ पाण्यात दगडासारखा दिसणारा एक विषारी मासा असतो, त्याच्या काट्यावर पाय पडला तर दवाखाना गाठावा लागतो. पोहणाऱ्यांनी हे बूट विसरू नयेत.

व्हिसा आधी काढावा लागत नाही. मुंबईहून थेट विमान आहे. वाहनं आपल्यासारखी डावीकडून चालतात, घड्याळ दीड तास मागे. एवढं पुरे, बाकी सगळं कुठेही मिळेल.

माझ्या दिवसांचं सांगायचं राहिलं. यांच्या तीन सकाळींपैकी इल ओ सेर्फची पाण्यात. एक बेल ओंब्रच्या किनाऱ्यावर. तिसरी मी राजधानीला, पोर्ट लुईला, ठेवली आहे.

माझी आजी वेंगुर्ल्याकडची. तिच्या तोंडी बारीक पांढऱ्या साखरेला एकच शब्द होता, 'मोरस'. "खिरीत गूळ नको, मोरस घाल." लहानपणी मला ते साखरेचं नावच वाटायचं. मोरस म्हणजे मॉरिशस, तिथून गलबतांनी यायची ती साखर, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आणि त्याहून उशिरा हे कळलं, की तो ऊस लावायला आणि तोडायला गेलेल्यांत रत्नागिरी-वेंगुर्ल्याकडची माणसंही होती. १८३४ पासून करारावर मजूर न्यायला सुरुवात झाली. पोर्ट लुईच्या बंदरात ज्या जागी ते उतरले ती आज आप्रवासी घाट म्हणून जपली आहे, २००६ पासून युनेस्कोच्या यादीत. हिंदुस्थानातून गेलेली साडेचार लाखांच्या आसपास माणसं त्या बेटाने पाहिली. घाटावर सोळा दगडी पायऱ्या आहेत. मला त्या पायऱ्या बघायच्यात. नुसतं वर चढून जायचं आहे, सावकाश.

तिथे आजही मराठी माणसं आहेत. बोलणं घरातसुद्धा बहुतेक तिथल्या क्रिओल बोलीत, पण शाळांत मराठी शिकवतात, मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे. गणेश चतुर्थीची देशभर सुट्टी असते आणि कोकणातल्या जाखडीसारखं झाकरी म्हणतात ते नाचतात. चवथीला आम्ही इथे असणार आणि ते तिथे. हे वाचल्यापासून मला तो देश परका वाटत नाही. उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात म्हणे. जमीन ज्वालामुखीची, ऊस लावण्याआधी ते दगड हातांनी वेचून रचले, आधी गुलामांनी आणि मग या मजुरांनी. यांनी बेल ओंब्रच्या हिरवळीवर उभं राहून मारलेला चेंडू ज्या जमिनीवरून जाणार तीही उसाचीच होती. हे मी यांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पोर्ट लुईला मीही येतो. त्या दिवशी खेळ नको." मी नको म्हटलं. ती सकाळ मला एकटीला हवी आहे. दुपारी या, मग घाटावर परत जाऊ, दोघं.

आणखी एक गंमत गोव्याच्या माणसासाठी. मॉरिशस ज्या बेटांच्या समूहात येतं त्याला मास्कारेन म्हणतात, पेद्रु मास्कारेन्हस या पोर्तुगीज दर्यावर्द्याच्या नावावरून. याच नावाचा व्हाइसरॉय १५५४ मध्ये गोव्यात आला आणि वर्षभरात इथेच वारला. मास्कारेन्हस हे आडनाव आम्ही इथे पाट्यांवर रोज वाचतो.

राहता राहिली किटबॅग. नियमाने चौदा दांड्या नेता येतात, यांनी दहाच निवडल्या. तरी पिशवी सगळ्यासकट तेरा किलो आठशे भरली, धान्य मोजायच्या जुन्या ताणकाट्याला दोघांनी मिळून लटकवून. खेळाच्या सामानाचा नियम प्रत्येक विमान कंपनीचा वेगळा, तिकीट काढण्याआधी तो वाचला. आणि सगळ्यांत लांब दांडी, ड्रायव्हर, विमानात वाकते किंवा तुटते ती पिशवी डोक्यावर आपटली की. उपाय यांना जुन्या पलटणीतल्या मित्राने सांगितला: ड्रायव्हरपेक्षा बोटभर उंच अशी एक मजबूत काठी पिशवीत मधोमध उभी ठेवायची. आपटली तर मार काठी खाते.

काल पाऊस जरा थांबला तेव्हा हे मागे गेले आणि आंबे काढायची जुनी आकडी घेऊन आले. तिचा बांबू वरून चिरला होता, खालचा भाग निबर. ड्रायव्हर शेजारी उभा करून मी पेन्सिलीने खूण केली, यांनी करवतीने कापला. टोकाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून सुतळीने बांधली. पिशवीत घातला, चेन ओढली, आणि दोघांनी धरून पिशवी उलटी केली, हलवली. आत काहीही वाजलं नाही.

पिशवी आता देवघराच्या शेजारच्या खोलीत उभी आहे. तिथून ती हलवायला लागेल, कारण त्याच खोलीत माटोळीचं सामान येऊन पडेल. आधी चवथ.